पाठ टेकल्यानंतर

कोल्हापूरच्या माणसाला झटापट बघायला मीरा रोडला जावं लागतं, हे गावात सांगायची सोय नव्हती. म्हणून बहिणीकडे जाऊन येतो एवढंच म्हणालो आणि महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो. खरं कारण भाच्यानं फोनवर सांगितलं होतं. मे संपता संपता कॅलिफोर्नियात ब्राझिलियन जिउ-जित्सूची जागतिक स्पर्धा भरते. तिच्या शनिवारच्या रात्री त्याच्या क्लासची पोरं हॉलवरच मुक्काम ठोकतात आणि भिंतीवर पडदा लावून सामने बघतात. "मामा, तू तालमीत होतास ना? मग ये. फक्त शिव्या घालायच्या नाहीत," असं तो म्हणाला.

दादरला विरारच्या गाडीकडे धावत होतो, तर शेजारच्या गृहस्थांनी माझ्या हातातली पिशवी बघून विचारलं, "उतरणार कुठे?" मीरा रोड म्हटल्यावर त्यांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. "भाईंदर पकडा. विरारवाले मधे उतरू देत नाहीत." अनोळखी माणसाचा दंड धरून त्याचं भलं करायची ही मुंबईची रीत मला आवडते.

दहिसर सोडलं की तिवरं, खाजण आणि मिठागरं लागतात, आणि ती संपायच्या आत इमारतींची भिंत उभी राहते. मीरा-भाईंदर नावाचं एक गाव कधी नव्हतंच. राई, मुर्धे, मोर्वा, नवघर, गोडदेव, काशी, घोडबंदर, उत्तन अशी आगरी-कोळ्यांची गावं खाडीच्या आणि समुद्राच्या मध्ये पसरलेली होती. 1985 मध्ये त्यांची नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. मधल्या काळात मुंबईत घर न परवडलेली सगळी माणसं इथे आली. माझी बहीणही त्यातलीच. पूर्वेला तिच्या इमारतीखाली एका बाजूला फरसाणवाला, दुसऱ्या बाजूला बिर्याणीवाला, समोर जैन देरासर, आणि कोपऱ्यावर एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. त्याच्याच खाली छोट्या फ्लेक्सवर एक पोरगं गळ्यात पदक घालून उभं आणि वर ठळक अक्षरांत 'जागतिक विजेता'.

"कुठल्या जगाचा?" मी भाच्याला विचारलं. त्याला राग आला नाही, उलट तो खुलला. या खेळात जगं बरीच आहेत म्हणाला. एक आंतरराष्ट्रीय जु-जित्सू महासंघाचं, ज्याचा खेळ 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा आला. एक अबू धाबीचं. तिथले शेख तहनून बिन झायेद अमेरिकेत शिकायला असताना या खेळाच्या नादी लागले आणि परतल्यावर 1998 मध्ये त्यांनी बिनकोटाच्या झटापटीची स्पर्धा सुरू केली. एडीसीसी म्हणतात ती हीच. आणि एक मुंदियाल. 1996 मध्ये रिओ द जानेरोच्या तिजुका टेनिस क्लबात सुरू झालेलं, 2007 पासून कॅलिफोर्नियात गेलेलं. "कोट घालून खेळणाऱ्याला विचारशील तर तो मुंदियालच सांगेल. बाकी फ्लेक्सवर काय, काहीही छापता येतं."

क्लास दुसऱ्या मजल्यावर होता. खाली अकाउंट्सची शिकवणी चालते, त्यामुळे वर कुणी आपटलं की खालचे सर छताला काठी लावतात. दारात चपलांचा ढीग, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत निळ्या मॅट, आणि घामाचा तो ओळखीचा वास. माती नव्हती, तेल नव्हतं, हळद-कापूर नव्हता, तरी वास तोच. कोच पुढे आले तेव्हा त्यांचा हात धरायच्या आधी मी त्यांचे कान बघितले. दोन्ही कान मोडून गुठळी झालेले. आमच्याकडे असे कान दिसले की माणूस कुठल्या तालमीचा एवढंच विचारायचं राहतं. त्यांनीही माझा डावा कान बघितला आणि हसले. ओळख झाली.

पोरं जोडीजोडीनं उभी राहिली. भाच्यासमोर नया नगरचा एक आडवा मुलगा होता, वीसेक किलोनं तरी जड. दोघांनी तळहातावर तळहात आपटला, मुठीला मूठ लावली. आता खडाखडी होईल, भाचा मनगट धरेल, पट काढेल, अशा हिशेबानं मी पुढे सरकलो. आणि माझा भाचा, पैलवानांच्या घराण्यातला पोरगा, समोरच्याची बाही धरून आपण होऊन खाली बसला आणि पाठीवर पडला. कोणी पाडलं नाही, ओढलं नाही. स्वतःहून.

माझ्या तोंडून शिवी गेली. पोरं हसली. कोच म्हणाले, "सगळ्यांच्या मामांचं असंच होतं."

आम्हाला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली. पाठ मातीला लागली की संपलं. चीतपट. त्यापुढे वेळ नाही, गुण नाहीत, तक्रार नाही. हलगी बदलते, समोरचा खांद्यावर उचलला जातो आणि आपण लंगोटावरची माती झाडत बाजूला व्हायचं. इथे पाठ लागली आणि कोणीच थांबलं नाही. उलट भाचा खालून कामाला लागला. एक पाय त्याच्या कमरेला, दुसरा त्याच्या खांद्यावर, दोन्ही हातांत त्याच्या बाह्या. वरचा मुलगा आत यायला बघतोय आणि प्रत्येक वेळी त्याच्या पुढे एक गुडघा नाहीतर एक तळपाय आडवा येतोय. बराच वेळ असं झाल्यावर वरच्यानं तोल पुढे टाकला, तशी भाच्यानं कंबर फिरवली आणि त्याचा हात मांड्यांत धरून सरळ केला. जड मुलानं मॅटवर दोनदा चापट मारली. सुटका. दोघं पुन्हा समोरासमोर, पुन्हा तळहातावर तळहात.

हिशेब कोचनी समजावला. समोरच्याला पाडलं तर दोन गुण. खालून उलटवून वर आलात तर दोन. खालच्याच्या पायांचं कुंपण ओलांडून बाजूला पोहोचलात तर तीन. छातीवर मांड टाकलीत किंवा पाठीवर चढून पाय अडकवलेत तर चार. पण हे सगळे गुण एका चापटीपुढे शून्य. समोरच्यानं हात आपटला की सामना तिथेच संपला, मग तुम्ही कितीही मागे असा. पाठ टेकण्याला मात्र किंमतच नाही, ना जमा ना खर्च.

आमचे जुने वस्ताद मल्लविद्येचे चार प्रकार सांगायचे. बळावर चालते ती भीमसेनी, डावपेचांची हनुमंती, अंग कोंडून शरण आणणारी जांबुवंती आणि हाडं मोडणारी जरासंधी. पहिल्या दोन मैदानात उरल्या, मागच्या दोन नियमांनी बाहेर काढल्या. जांबुवंती म्हणजे काय असतं हे मी फक्त ऐकलेलं होतं. ती दुसऱ्या मजल्यावर, शिकवणीच्या डोक्यावर, फीच्या पावतीसकट बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सामने सुरू व्हायला वेळ होता, म्हणून भाईंदर पश्चिमेहून बसनं उत्तनला गेलो. मीरा रोडच्या माणसाला उत्तन आपल्याच महानगरपालिकेत आहे यावर विश्वास बसत नाही. मिठागरं मागे पडली की राई, मुर्धे, मोर्वा अशी गावं एकामागून एक लागतात, मग डोंगर, चर्च, आणि मग एकदम समुद्र. 1 जूनपासून मासेमारी बंद व्हायची होती, त्यामुळे होड्या वर ओढून घ्यायची गडबड चालली होती. बांबूच्या मांडवांवर शेवटचे बोंबील वाळत होते. पुढे चौकला धारावीच्या किल्ल्याची जागा आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई घ्यायच्या आधी हा धारावीचा डोंगर पोर्तुगीजांकडून काढून घेतला. इथून खाडीचं तोंड आणि पलीकडची वसई दोन्ही दिसतात. 1739 च्या मे महिन्यात वसई पडली आणि या किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचं राज्य गेलं. आडनावं राहिली, चर्चं राहिली. रात्री पडद्यावरचा पंच 'कोंबाते!' असं ओरडून कुस्ती लावत होता आणि 'पारोऊ!' म्हणून थांबवत होता, तेव्हा त्याच भाषेनं पावणेतीनशेहून जास्त वर्षांनी मागच्या दारानं पुन्हा प्रवेश केल्याची गंमत वाटली. या खेपेला तिला पोरांनी वर्गणी काढून बोलावलं होतं.

ती भाषा या खेळात आली कशी, हे थोडक्यात सांगतो. मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोपटू देशोदेशी कुस्त्या लढत 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेंला राहिला. तिथे ग्रेसी घराण्यातला थोरला मुलगा कार्लोस त्याच्याकडे शिकला. 1925 मध्ये ग्रेसींनी रिओत आपली शाळा काढली. धाकटा भाऊ एलियो अंगानं किरकोळ, त्यामुळे जोर न लावता खालून काय करता येईल याचा त्यानं ध्यास घेतला, असं ते घराणं सांगतं. घराण्यांच्या गोष्टी थोड्या मीठ लावूनच घ्याव्यात, पण 1951 ची गोष्ट कागदावर आहे. जपानचा मासाहिको किमुरा रिओच्या माराकाना स्टेडियमवर एलियोशी लढला, एलियोचा हात मागे पिळून मोडला आणि तरीही एलियो हात आपटेना, तेव्हा त्याच्या बाजूनं टॉवेल फेकून कुस्ती सोडवली. ब्राझीलवाल्यांनी त्या डावाला किमुराचंच नाव देऊन टाकलं. ज्यानं आपल्याला हरवलं त्याचं नाव रोज हजारदा घ्यायचं, हे मला पैलवानी वाटलं.

रात्री साडेदहाला पडदा उजळला. तिकडे शनिवारची सकाळ. लाँग बीचच्या विद्यापीठातली ती निळी पिरॅमिडच्या आकाराची इमारत, आत शेजारी शेजारी मांडलेल्या मॅट आणि एकाच वेळी सगळीकडे चाललेल्या कुस्त्या. राजर्षी शाहूंच्या खासबाग मैदानात मधोमध एक हौदा असतो आणि हजारो डोळे त्याच्यावर. इथे मात्र नक्की बघायचं कुठे हेच कळत नाही. पोरांना कळत होतं. कुठल्या मॅटवर कोण येणार, त्याचा गुरू कोण, गेल्या वर्षी तो कोणाकडून हरला, सगळं पाठ.

मला खेळापेक्षा त्याच्या दारातला कारभार आवडला. खेळाडू कोट घालूनच काट्यावर उभा राहतो, पहिल्या कुस्तीच्या ऐन तोंडावर. नेमून दिलेल्या वजनापेक्षा जरा वर गेला की बाद. पुन्हा धावून घाम काढून या, ही सवलत नाही. मग एक माणूस मोजपट्टी घेऊन त्याच्या कोटाची बाही आणि कॉलर मोजतो. कोट पांढरा, रॉयल ब्लू किंवा काळा. आणि छातीवर देश नसतो. अलायन्स, ग्रेसी बारा, आतोस, चेकमॅट अशी शाळांची नावं पाठीवर असतात आणि सांघिक करंडकही शाळेलाच मिळतो. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा आमच्या तालमी. हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

पुरुषांचा सर्वांत हलका गट कोटासकट साडेसत्तावन किलोचा. त्यात ब्रूनो मालफासिनी नावाच्या माणसानं दहा जागतिक पदकं सोन्याची घेतली. हे ऐकल्यावर मला आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवले. हेलसिंकी, 1952, सत्तावन किलो, कांस्य. ज्या जपानी मल्लाशी ते हरले आणि ज्यानं पुढे सुवर्ण घेतलं, तो शोहाची इशी मूळचा जुदोवाला. युद्धानंतर जपानात जुदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. खाशाबांना दोन कुस्त्यांच्या मधे दम घ्यायलाही वेळ मिळाला नव्हता, असं आमच्याकडे अजून हळहळून सांगतात. पोरांना खाशाबा ठाऊक होते, पण इशीचं हे ऐकून कोचनी पडद्याचा आवाज कमी केला.

काळ्या पट्टेवाल्यांच्या कुस्त्यांना अजून अवकाश होता, म्हणून जुन्या कुस्त्या निघाल्या. 2009 चा रॉजर ग्रेसी. उंच, ढिला, घाईत नसलेला माणूस. तो प्रत्येकाला पाडतो, छातीवर मांड टाकतो, दोन्ही हात आडवे करून समोरच्याच्याच कोटाची कॉलर धरतो आणि गळा आवळतो. पुढच्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. सगळ्यांना माहीत आहे काय येणार आहे आणि कोणालाच अडवता येत नाही. त्या वर्षी त्यानं वजनगट आणि खुला गट दोन्ही जिंकले. एकूण दहा जागतिक विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. मार्कुस आल्मेइदाची, ज्याला सगळे बुशेशा म्हणतात, तेरा आहेत.

"एवढं सोपं दिसतंय," मी म्हणालो, तर सीए करणारी एक मुलगी उठली. "मामा, करून बघायचं?" बहिणीच्या नाईटगाऊनसारखा एक मोठा कोट मला घातला. मी आडवा झालो. तिनं एक हात माझ्या कॉलरमध्ये मानेमागे खोल सरकवला, बोटं आत अंगठा बाहेर. दुसरा हात त्याच्याखालून दुसऱ्या कॉलरला. मग कोपरं जमिनीकडे नेली, बस. गळा दुखला नाही, श्वासही चालू होता. फक्त मानेच्या दोन्ही बाजूंना कापडाची कड बसली आणि कानात घूं आवाज सुरू झाला. पडद्यावरचे दिवे लांब गेले. मी मॅटवर चापट मारली तेव्हा आपण मारतोय हे मला हातानं आधी सांगितलं. श्वास अडवायचा नसतो, डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबायच्या असतात, हे तिनं मला नंतर पाणी देताना सांगितलं. तिचं वजन माझ्या निम्म्याहून थोडंसंच जास्त असेल.

मग 2004 ची जाकारेची कुस्ती लावली. रोनाल्दो सोझा, टोपणनाव जाकारे, म्हणजे मगर. खुल्या गटाची अंतिम लढत, समोर हाच रॉजर, वयानं कोवळा. जाकारे गुणांत पुढे असताना रॉजरला त्याचा हात सापडला. कोपर उलटं गेलेलं पडद्यावर दिसतं. जाकारे हात आपटत नाही. सुटतो, मोडलेला हात स्वतःच्या पट्ट्यात खोचतो आणि उरलेला वेळ एका हातानं काढून जिंकतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या पटल्या नाहीत. आमच्या पिढीनं असे हात मोडून घेतले आणि पुढे त्या हातांनी उसाची मोळी उचलता आली नाही. कोचही गप्प होते. ज्या खेळात चापट मारण्याची लाज नाही आणि म्हणून जो म्हातारपणापर्यंत खेळता येतो, त्याच खेळाची सर्वांत गाजलेली कुस्ती चापट न मारणाऱ्याची असावी, हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही.

खरं भांडण झालं ते पहाटेकडे. एकाच शाळेचे दोन मल्ल अंतिम फेरीत आले तर ते बऱ्याचदा लढतच नाहीत, आपसांत ठरवतात सोनं कोणी घ्यायचं आणि दोघं हसत वर उभे राहतात, असं कळल्यावर मी ताडकन बसता झालो. "ही तर नूरा कुस्ती!" खासबागेत असं झालं असतं तर लोकांनी खुर्च्या ठेवल्या नसत्या. भाच्याचं म्हणणं, रोज एकत्र सराव करणाऱ्या भावांनी जगासमोर एकमेकांचे गळे कशाला आवळायचे? माझं म्हणणं, तिकीट काढून आलेल्यांनी मग काय बघायचं? कोणीच मागे हटलं नाही.

त्यावर कोचनी 2018 ची हकिगत सांगितली. लेआंद्रो लो नावाचा लोकांचा लाडका मल्ल खुल्या गटाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता, समोर बुशेशा. मधेच वजनगटाच्या फायनलमध्ये लोचा खांदा निखळला आणि त्याला उभं राहणं अशक्य झालं. सोनं बुशेशाचं होतं, कोणी हरकत घेतली नसती. बुशेशानं ते लोला देऊन टाकलं. दोघं वेगवेगळ्या शाळांचे. लोच्या नावापुढे आठ जागतिक विजेतेपदं लागतात, त्यातलं एक हे असं मिळालेलं. ऑगस्ट 2022 मध्ये साओ पावलोत एका कार्यक्रमात, ड्युटीवर नसलेल्या एका पोलिसानं त्याला गोळी घातली. तेहतीस वर्षांचा होता. हे ऐकल्यावर नूरा कुस्तीचं माझं मत बदललं नाही, पण मी ते पुन्हा मांडलंही नाही.

उजाडायला आलं तसे विषय पैशावर आले. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते. 2023 च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षेला तिच्याबरोबर थार गाडी मिळाली. मुंदियालमध्ये काळ्या पट्ट्याच्या विजेत्यालाही बरीच वर्षं रोख रक्कम मिळत नव्हती. मग ही माणसं जातात कशाला? भाचा म्हणाला, निळ्या पट्ट्यापासून पुढे कोणालाही तिथे नाव घालता येतं. निवड समिती नाही, शिफारस नाही. काळ्या पट्ट्याला आधी गुण कमवावे लागतात, बाकीच्यांनी फी भरायची, विमानाचं तिकीट काढायचं, व्हिसाची मुलाखत द्यायची, काट्यावर उभं राहायचं. त्याच्या कमरेला निळा पट्टा होता, हे मी तेव्हा नीट बघितलं.

"आणि पैसे?"

"तेच तर."

मी त्यांना खर्डेकरांची गोष्ट सांगितली. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला पैसे कमी पडत होते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. पोरं एकदम शांत ऐकत होती आणि माझ्या लक्षात आलं की सगळी माझ्याकडेच बघताहेत.

"मामा," भाचा म्हणाला, "आपलं गावचं घर…"

"त्याच्यावर सोसायटीचा बोजा आहे. ट्रॅक्टरचा."

"मग ट्रॅक्टर विका की," सीएवाली मुलगी म्हणाली.

कोच पडदा गुंडाळत होते. ते मान न वळवता म्हणाले, "कोणत्या सालचा आहे?"

"सोळाचा."

"मग जायचं तिकीट निघेल," ते म्हणाले. "यायचं तिकडे गेल्यावर बघू."